बोट की पंजा

विंझरला रतनबाईच्या दारात कुणी छाती धरून आलं, की ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. आधी हाताकडे बघायची. हात कुठं ठेवलाय, बोटानं दाखवतोय की पंजा पसरून, हे बघून झालं की मगच 'बसा' म्हणायची. नव्या माणसाला हे विचित्र वाटे. आपण इथं कळवळतोय आणि ही बाई हाताचं काय निरखत बसलीय, असं त्याला व्हायचं. पण ह्या बघण्यामागं एक मेलेला माणूस होता, आणि तो आपल्या पायाखाली मेला असं रतनबाईचं स्वतःचं म्हणणं होतं. गावाचं म्हणणं तसं नव्हतं. गावानं तिला कधी बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त जड गेलं.

रतनबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला तिचं माहेर. सुईणीनं पाय बघितले आणि मायलेकी दोघींचीही आशा सोडली, पण दोघी जगल्या. त्या दिवसापासून पोरीला दोन गोष्टी चिकटल्या. पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ गडगडलं की तिला घरात कोंडायचे, आणि पायाळूच्या पायानं उसण जाते म्हणून एरवी तिला घरात राहू द्यायचे नाहीत. उसण म्हणजे काय, हे ज्याला भरलीय त्याला सांगावं लागत नाही. ओझं उचलताना, विळा चालवताना, कधी नुसतं कुशीवर वळताना पाठीत नाहीतर बरगडीत अशी कळ अडकते, की श्वास अर्ध्यावर थांबतो. मग पायाळू माणसानं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा. त्याचा पैसा घ्यायचा नाही. दुखणेकऱ्यानं जाताना उंबऱ्यावर मूठभर तांदूळ ठेवायचे, एवढाच रिवाज.

आता उसण काय वयाचा मान ठेवून भरते थोडीच. चार वर्षांची रतन आज्याच्या वयाच्या माणसाच्या पाठीवर पाय द्यायची आणि लगेच खाली उतरून त्याच्या पायांवर डोकं टेकवायची. पाय लागला की पाया पडायचं, हा तिला मिळालेला पहिला धडा. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळत तेव्हा ही कुणाच्या तरी पाठीवर उभी असायची.

तेराव्या वर्षी तिचं लग्न विंझरच्या सावळारामाशी झालं. सासूला सुनेच्या रूपापेक्षा पायाचं कौतुक जास्त. पार वेल्ह्याहून माणसं येऊ लागली, घराला वजन आलं. मात्र एक माणूस ह्या पायाला वर्ज्य होता, तो म्हणजे नवरा. बायकोचा पाय नवऱ्याच्या अंगाला लागणं म्हणजे पाप, तिथं पायाळूपणाची सवलत नव्हती. सावळारामाला उसण भरली की तो वाकत, कण्हत, दोन-अडीच कोस तुडवत गुंजवण्याला गेनबा नावाच्या दुसऱ्या पायाळूकडे जायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून गाव त्याची टिंगल करी. तोही हसायचा. चालून चालून वाटेतच उसण निम्मी जाते, गेनबाला फुकटचं श्रेय, असं म्हणायचा. बोलायला गमत्या आणि कामाला वाघ, असा तो माणूस.

छाती धरून आलेला प्रत्येक जण उसणीचाच नसतो, हे रतनबाई हळूहळू शिकली. कुणी शिकवलं नाही, माणसं बघून शिकली. उसण असली की माणूस वळताना ओरडतो आणि नेमक्या जागी बोट दाबलं की 'हाच, हाच' म्हणतो. फुलाबाईला छातीच्या मधोमध आग व्हायची, पण ती जेवल्यावर आणि आडवं झाल्यावर. घशाशी आंबट पाणी यायचं. तिला तिनं पाय दिला नाही, मिरची कमी कर आणि उशाला उंच घेऊन नीज, असं सांगितलं. शेजारच्या वाडीतला एक गडी आला तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं, खोकल्यातून तांबूस बेडका पडत होता आणि श्वास घेतला की कुशीत सुरी खुपसल्यासारखं होत होतं. हे पायाचं काम न्हाई म्हणून तिनं त्याला भोरच्या दवाखान्यात धाडलं, आणि तो महिन्यानं चालत परत आला. ठकुबाईच्या एका कुशीला नुसतं लुगडं लागलं तरी ती किंचाळायची. रतनबाईनं चार दिवस थांब म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिथं पट्ट्यानं फोड उठले. नागीण निघाली.

असं बरंच तिला कळू लागलं होतं. आपल्याला कळतं हेही कळू लागलं होतं, आणि माणसाचं घोडं बहुधा तिथंच पेंड खातं.

सत्तावीस सालच्या मार्गशीर्षात शेजारचा मानसिंग आला. पंचेचाळिशीचा, रेड्यासारखा मजबूत गडी. नसरापूरच्या बाजाराला तांदूळ न्यायचा होता. सकाळी गाडीत पोती चढवली आणि छातीत धरलं म्हणून तो सरळ अंगण ओलांडून रतनबाईकडे आला. बैल तसेच उभे होते. तिनं विचारलं, कुठं दुखतंय. त्यानं मूठ छातीच्या मधोमध ठेवली, मग पंजा पसरून सगळी छाती चोळली. दगूड ठेवल्यावानी वाटतंय, म्हणाला. थंडी मी म्हणत होती आणि त्याच्या कपाळावर घाम होता. रतनबाईनं एकेक बरगडी दाबून बघितली. एकाही जागी तो 'हाच' म्हणाला नाही. वळून बघ म्हटलं तर वळला, कळ वाढली नाही की कमी झाली नाही.

तिथंच तिनं थांबायला हवं होतं. ही कळ आपल्या ओळखीची नाही, एवढं तिला उमगलं होतं. पण पोतं उचललं आणि दुखलं, म्हणजे उसणच असणार, दुसरं काय असणार. शिवाय अंगणात चार माणसं बघत उभी होती, मानसिंग घाई करत होता, आणि आपल्याच आळीतल्या माणसाला परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं त्याला घोंगडीवर पालथं घातलं आणि भार देऊन तीनदा पाय दिला. 'उतरलं,' तो म्हणाला. ती त्याच्या पाया पडली. तो उठला, बैल जुंपायला गेला, जू उचललं, आणि जू हातात घेऊनच खाली बसला. परत उठला नाही.

आयुष्याची दोरी तेवढीच होती, असं गाव म्हणालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं सासू म्हणाली. मानसिंगाची बायको चंद्राबाई काहीच म्हणाली नाही. दिवस-कार्य उरकल्यावर ती एक दिवस आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, की पायाखाली त्यांना बरं वाटलं होतं ना. रतनबाई म्हणाली, व्हय, उतरलं म्हणले. चंद्राबाईनं मान हलवली, पदरातले मूठभर तांदूळ उंबऱ्यावर ठेवले आणि गेली. ते तांदूळ रतनबाईला शिजवता आले नाहीत. तिनं ते कोंबड्यांना टाकले आणि त्या टिपत होत्या तोवर तिथंच उभी राहून रडली.

पुढच्या उन्हाळ्यात सासूच्या डोळ्यांना दिसेना, म्हणून तिला घेऊन भोरला जायचं झालं. तिथल्या सरकारी दवाखान्यात गंगाधरपंत म्हणून डॉक्टर होते, हुशार पण तापट. सासूचे डोळे बघून झाले तरी रतनबाई हलेना. आणखी काय, असं ते खेकसले. मग तिनं खाली बघत सगळं सांगितलं. पाय, पोती, घाम, बैल, सगळं. डॉक्टर हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, त्यानं हात कसा ठेवला होता. तिनं स्वतःच्या छातीवर मूठ ठेवून दाखवली.

"ती उसण नव्हे बाई," ते म्हणाले. "ते हृदय. बरगडीचं दुखणं बोट दाखवतं, हृदयाचं दुखणं पंजा दाखवतं. चढावर येतं, उभं राहिलं की थांबतं. डाव्या हातात उतरतं, जबड्यात चढतं. असा माणूस आला तर त्याला चालू द्यायचं नाही, चोळायचं नाही, टेकवून बसवायचं आणि डोलीतून इकडं आणायचं."

मग तुमी बरं करता का, तिनं विचारलं. डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. दर वेळी नाही, म्हणाले.

"माज्या पायानं मेला का त्यो?"

"पायानं नाही. पण पायावर विश्वास ठेवून तो उठला आणि जू उचलायला गेला."

डॉक्टरांनी असं बोलायला नको होतं, असं आपल्याला वाटेल. पण तिला खरं तेच ऐकायचं होतं आणि त्यांनी ते सांगितलं. ती दाराशी गेल्यावर त्यांनी हाक मारून आणखीही सांगितलं, की पंजा दर वेळी दिसेलच असं नाही, काही जणांना नुसता दम लागतो, काहींना पोटात मळमळतं, तेव्हा बोटावर फार विसंबू नका. ते तिनं ऐकलं. पण नसरापूरपर्यंतच्या वाटेवर गाडीत बसून ती जे घोकत होती ते एवढंच, बोट की पंजा, बोट की पंजा.

त्यानंतरच्या चौदा वर्षांत तिनं पाच जणांना पाय नाकारला. टेकून बसा, चालू नगा, डोली आणा, भोरला न्या, असं प्रत्येकाला सांगितलं. एक जण भोरला पोचला आणि पुढं दीड वर्ष जगला. एक नसरापूरच्या अलीकडे डोलीतच गेला. दोघं भोरला गेलेच नाहीत, घरी झोपून राहिले आणि गेले. आता सरळ डोक्यानं विचार केला तर दुखणं आधी आणि नकार नंतर. पण गावानं उलटा हिशेब मांडला. रतनबाईनं पाय दिला तर उसण, नाही दिला तर तिरडी, असं लोक बोलू लागले. ती नाही म्हणाली की समोरच्याचे डोळे कसे विझत, ते ती बघायची. पहिल्यापहिल्यांदा ती समजूत घालायला जायची. नंतर तिला कळलं, की आपण समजूत घालायला लागलो की माणूस जास्त घाबरतो.

आणि माणसं चलाख झाली. रतनबाई हाताकडे बघते, हे पंचक्रोशीला ठाऊक झालं होतं. पाचवा होता चिमाजी. पाणंदीनं येताना तो पंजानं छाती दाबत, थांबत थांबत येत होता, हे तिनं ओट्यावरून बघितलं. अंगणाच्या तोंडाशी आल्यावर त्यानं हात खाली घेतला आणि एक बोट बरगडीवर टेकवून 'हितं हाय उसण' म्हणाला. तिनं पाय दिला नाही. चारचौघांत तिला वाटेल तसं बोलून तो निघून गेला आणि आठवड्याच्या आत वारला. त्याच्या घरच्यांनी विंझरला पाणीसुद्धा प्यायचं सोडलं.

तिचंही सगळं बरोबर येत होतं असं नाही. चुलतसासू बाळाबाईला एका सकाळी मळमळलं, दोनदा उलटी झाली, दात दुखतायत म्हणाली. छातीचं नावसुद्धा काढलं नाही. रतनबाईनं पित्त म्हणून ओवा आणि सुंठ दिली. दुपारी बाळाबाई भिंतीला टेकून बसली ती बसलेलीच राहिली. डॉक्टरांनी दाराशी हाक मारून सांगितलेलं तेव्हा तिला आठवलं. आठवून उपयोग नव्हता.

एवढं सगळं झालं, पण स्वतःच्या घरात काय चाललंय ते तिला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एक्केचाळीस साली सावळाराम साठीला टेकला होता. वरच्या शेताला जायची वाट चढाची आहे. त्या वाटेवर तो मध्येच थांबू लागला. थांबायचा आणि समोर बघत उभा राहायचा. मागून येणारी रतनबाई विचारी, काय झालं. तो म्हणे, गड बघतोय. समोर तोरणा असायचाच. जन्म त्या गडाखाली गेलेल्या माणसाला तो आता इतका बघावासा का वाटावा, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. तिला वाटलं, म्हातारपण आलं, माणूस मऊ झाला. ती पण शेजारी उभी राहून गड बघायची. तिला ते थांबणं आवडूही लागलं होतं.

त्याच साली शिमग्याच्या सुमारास गुंजवण्याचा गेनबा वारला.

कार्तिकात भात कापून झालं होतं, पेंढ्या खळ्यावर आणायचं काम चालू होतं. एका सकाळी सावळाराम न्याहारीच्या वेळेलाच परत आला. रतनबाई अंगणात सुपानं पाखडत होती. तो ओट्यावर खांबाला टेकून बसला. बसला म्हणजे उतरला, एखादी गोणी खाली ठेवावी तसा. मग त्यानं उजव्या हाताचं एक बोट डाव्या बरगडीवर टेकवलं.

"उसण भरलीया," तो म्हणाला. "हितं. पेंढी उचलताना. गेनबा तर ऱ्हायला न्हाई, तवा आता तूच दे पाय."

रतनबाईनं बोटाकडे बघितलं. बोट एकाच बरगडीवर होतं, अगदी स्थिर. खरं सांगायचं तर तिला क्षणभर बरं वाटलं. अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं पहिल्यांदा तिचा पाय मागितला होता. गेनबा नाही, मग मागणार कुणाला. पाप लागंल म्हणून ती हसली. पाप माज्या माथी, तो म्हणाला. सूप बाजूला ठेवून ती ओट्यावर आली आणि त्यानं दाखवलेल्या जागेवर तिनं हात नेला. तिचा हात पोचायच्या आधीच तो 'व्हय, हाच' म्हणाला. तिनं जरा खालची बरगडी दाबली. व्हय, हाच. तिनं मुद्दाम उजवीकडे दाबून बघितलं. तिथंही तो व्हय म्हणाला.

तेव्हा तिनं त्याच्या मानेला हात लावला. मान गार होती आणि ओली होती. मग तिनं त्याचा डावा हात कुठं आहे ते बघितलं. तो त्यानं मांडीखाली दाबून धरला होता, मूठ वळून. तो हात वर यायला बघत होता आणि सावळाराम येऊ देत नव्हता.

रतनबाईनं पुतण्याला हाक मारली. आनंदराव मागच्या परड्यात होता. डोली आणि चार माणसं घेऊन ये, जाताना पळ, एवढंच ती म्हणाली, आणि तो तिच्या आवाजावरून समजला. वळकटी आणून तिनं सावळारामाच्या पाठीशी लावली. बाराबंदीचे बंद सोडले. चालू द्यायचं नाही, चोळायचं नाही, टेकवून बसवायचं. सगळं तिला पाठ होतं. भोर किती लांब आहे, नसरापूरला मोटार मिळेल का, नाही मिळाली तर गाडीनं किती वेळ लागेल, हेही तिला पाठ होतं, आणि ते पाठ नसतं तर बरं झालं असतं.

कशाला डोली, सावळाराम म्हणाला. आता त्याचं बोट बरगडीवरून सरकून हात सगळ्या छातीवर पसरला होता. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. तरी तो तिच्या पायाकडे बघत होता.

"रतन," तो म्हणाला. त्यानं तिचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. "तू पाय न्हाई दिलास तर मला कळंल."

त्या पाच जणांचे डोळे तिला आठवले. आपण नाही म्हटल्यावर ते कसे झाले होते, ते. डॉक्टरांनी तिला हृदय सांगितलं होतं, पंजा सांगितला होता, डोली सांगितली होती. ह्याचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं ती खरं तेच करत आली होती आणि त्या खऱ्यानं कुणाला जगवलं होतं थोडंच. तिला नवऱ्याचा राग आला, इतका आला की ओरडावं. बोट दाखवून मलाच फसवायला निघालात व्हय, असं तिच्या अगदी जिभेवर आलं.

तिनं रांजणातलं पाणी घेऊन उजवा पाय धुतला, पदरानं पुसला. खांबाला धरून ती उभी राहिली आणि पाय त्याच्या छातीवर टेकवला. भार अजिबात दिला नाही. नुसता टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. तिसऱ्या वेळी जरा वेळ तिथंच ठेवला. तळव्याखाली काहीतरी धडपडत होतं, थांबत होतं, पुन्हा धडपडत होतं. इतक्या माणसांना पाय दिला, पण पायाला असं काही कधी लागलं नव्हतं.

"उतरलं," सावळाराम म्हणाला. आणि तो हसला, गेनबाला फुकटचं श्रेय म्हणताना हसायचा तसा.

मग ती खाली बसली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. पाय लागला की पाया पडायचं. पाय गार होते, बोटांना खळ्यावरची माती होती. रिवाजाला लागतो त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ ती तशीच राहिली. आनंदराव डोली घेऊन अंगणात आला, माणसं थांबली, कुणीतरी 'काकू' म्हणून हाक मारली, मग दुसऱ्यानं मारली. तिनं डोकं उचललं नाही. आपण डोकं उचललं की कुणीतरी ते बोलेल, हे तिला कळत होतं.

तेरावं झाल्यावर चंद्राबाई आली. या खेपेला ती उंबऱ्याबाहेर थांबली नाही, आत येऊन रतनबाईच्या शेजारी बसली. मग चंद्राबाईनं विचारलं, पायाखाली त्यांना बरं वाटलं का. उतरलं म्हणले, रतनबाईनं सांगितलं.

"आमचंबी तसंच म्हणले व्हते," चंद्राबाई म्हणाली. "रतने, एक सांगते. त्यांचा डावा हात चार दिस जड व्हता. परसाकडं जाऊन आलं तरी दम लागायचा. मला ठावं व्हतं. तुज्याकडं येताना म्हणले, रतनीला हाताचं सांगू नगंस, ती पाय द्यायची न्हाई, भोरला धाडंल आन बाजार बुडंल. म्या न्हाई सांगितलं."

म्हणून तिनं कधी बोल लावला नव्हता. चौदा वर्षं एक अंगण ओलांडून दोघी राहत होत्या, एकीला वाटत होतं माझ्या पायानं गेला, दुसरीला वाटत होतं माझ्या तोंडानं गेला. हे ऐकून रतनबाईच्या उरावरचा दगड उतरला असेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं काही झालं नाही. तिनं चंद्राबाईचा हात धरला आणि एवढंच म्हणाली, की तू सांगितलं असतंस तरी मला तवा काय कळत व्हतं. ते खरं होतं, आणि चंद्राबाईला त्यानं बरंही वाटलं नाही.

रतनबाई त्यानंतर सहा-सात वर्षं जगली. पाय द्यायचं तिनं सोडून दिलं. तरी लोक यायचे, सवयीनं यायचे. छाती धरून कुणी आला की ती आता त्याच्या हाताकडे बघायची नाही. त्याला ओट्यावर टेकवून बसवायची, पाणी द्यायची, आणि त्याच्या बायकोला आत चुलीपाशी बोलवायची. चार-आठ दिसांत काय लपवलं त्यांनी, असं विचारायची. बायका आधी न्हाई म्हणायच्या. ती गप्प बसून राहायची. मग एकेक निघायचं, जेवण कमी झालंय, हात झाडतात, ओझं उचलताना मध्येच बसतात. ते ऐकून ती काय ते ठरवायची आणि गरज असेल त्याला भोरला धाडायची. काही वाचले, काही नाही.

एकदा एक तरणी बाई चुलीपाशी बसून रडायला लागली. म्हणाली, मला काय बी दिसलं न्हाई आत्या, म्या आंधळी ऱ्हायले. रतनबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आटवून बग बाई," ती म्हणाली. "आमचं चढावर हुबं ऱ्हाऊन गड बगायचे. मीबी शेजारी हुबी ऱ्हाऊन बगायची."